सत्तेचाळिसाव्या पानाचा केक

वडवणीच्या लोकांना वाढदिवसाच्या केकवर काय काय लागतं, हे दीपमालाला तोंडपाठ होतं आणि त्यातल्या एकाही गोष्टीबद्दल तिच्या मनात काडीचा आदर नव्हता. जेसीबी लागतो. बुलेट लागते. तलवार लागते. साहेबांचा फोटो लागतो, साहेबांच्या पोटापाशी वाढदिवसवाल्याचा बारका फोटो लागतो आणि खाली 'वडवणीचा वाघ' असं लिहून लागतं. असे पन्नासेक वाघ तरी तिने आजवर क्रीममध्ये उभे केले होते. मागे एकदा एकाने आपल्या बैलाच्या वाढदिवसाचा केक सांगितला, बैलाला काळा गॉगल घालून. तेवढा एक केक तिने मन लावून केला. बैलाने निदान चौकात स्वतःचा फ्लेक्स लावलेला नव्हता.

बसस्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर पुढे तिच्या नवऱ्याचं, युवराजचं, मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागे घर. घराच्या पडवीत तिचा ओव्हन. गिऱ्हाईक पडवीच्या पायरीवर उभं राहून जे सांगेल ते ती मान खाली घालून वहीत लिहून घ्यायची. चेहऱ्यावर रेघ हलू द्यायची नाही. मनातल्या मनात मात्र प्रत्येकाला ती नापास करून टाकायची.

तिचं खरं काम वेगळंच होतं आणि ते विकायला नव्हतं.

आठवड्याला दोन पुस्तकं ती वाचनालयातून आणायची. एखादं पुस्तक मनात रुतून बसलं की त्यातली एखादी वस्तू ती खाण्याची करायची. एका कादंबरीतली बाई सासरची पडकी विहीर राखत बसलेली होती, तर दीपमालाने तिळाच्या चिक्कीच्या विटा पाडून ती विहीर बांधली, आत कैरीच्या सरबताचं गार हिरवं पाणी गोठवलं आणि काठावर गुळाचा पोहरा ठेवला. एका म्हाताऱ्या शिंप्याची गोष्ट वाचली तेव्हा खव्याचं शिलाई मशीन केलं, सुईच्या जागी लवंगेचा दांडा. दोन दोन दिवस ती त्यात घालवायची. मग घरची माणसं चहासोबत ते खाऊन टाकायची. युवराज म्हणायचा, "एक नंबर झालंय." तिची आई छबुबाई म्हणायची, "गोड जरा लईच झालं." कोणत्या पुस्तकातलं आहे, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे घरच्यांनाही तिच्या मनातल्या निकालपत्रातून सूट नव्हती.

छबुबाई बावीस हंगाम ऊस तोडलेली बाई. नवरा गेल्यावर आणि गुडघे बसल्यावर ती लेकीकडे राहायला आली होती. दीपमाला लहान असताना पाच वर्षं आईबापाबरोबर उसाच्या फडात होती. पुढे मात्र ते दोघं कोयता घेऊन खाली साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेले की ती मागे गावातल्या हंगामी वसतिगृहात राहायची. तिथे एक पत्र्याची पेटी होती पुस्तकांची, कुणी तरी दान दिलेली. इतर पोरी घरची आठवण काढून रडायच्या तेव्हा दीपमाला पेटी उघडायची. वाचणारी माणसं आणि न वाचणारी माणसं, अशी जगाची वाटणी तिने त्या पेटीपाशीच करून टाकली होती.

चैत्रात एक दिवस सकाळी वाचनालयाचे त्रिंबककाका एका पाहुण्याला घेऊन पडवीत आले.

"दीपमाला, हे रामप्रसाद सर. बीडला कॉलेजात होते. मोठे साहित्यिक."

सर साठीच्या पुढचे, खादीचा झब्बा, खिशाला दोन पेनं. तीन कवितासंग्रह त्यांच्या नावावर होते आणि तिन्ही त्यांनी स्वतःच छापलेले होते. वाचनालयातल्या प्रतींची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती, हे दीपमालाला माहीत होतं. आता त्यांची कादंबरी आली होती. तिच्या प्रकाशनाला, पुढच्या रविवारी, वडवणीच्या मंगल कार्यालयात त्यांना पुस्तकाच्या आकाराचा केक हवा होता.

"मुखपृष्ठ हुबेहूब पाहिजे," सर म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. 'कोयत्याला फुटली पालवी'. वर लालभडक सूर्य, खाली हिरवागार ऊस आणि उसातून हसत येणारी एक गोरीपान बाई. कपाळावर चंद्रकोर, दंडात वाकी, पायात पैंजण.

"ही कोण?" दीपमालाने विचारलं.

"नायिका. ऊसतोड कामगार आहे. पारू."

दीपमालाने त्या बाईकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "पुस्तक ठेवून जा. वाचून करते."

"वाचून?" सर हसले. "अहो ताई, केक करायचाय तुम्हाला. परीक्षण नाही लिहायचं."

"न वाचता मी पुस्तकाचा केक करत नाही."

"तिचं तसंच आहे सर," त्रिंबककाका मध्ये पडले. "वाचनालयातली निम्मी पुस्तकं एकट्या तिनं फिरवलीत."

सरांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. सायकल चालवणाऱ्या अस्वलाकडे पाहावं तसं ते कौतुक होतं. तेवढ्यात त्यांची नजर आत चिंचा फोडत बसलेल्या छबुबाईवर गेली.

"या आजी?"

"माझी आई. बावीस हंगाम ऊस तोडलाय तिनं."

सरांचा चेहरा एकदम उजळला. "अहो, मग तर प्रश्नच मिटला! अशाच मातीतल्या माऊलीच्या शोधात होतो मी. प्रकाशनाला हिचाच सत्कार करू." त्यांनी मोबाईल काढला, छबुबाईच्या शेजारी उकिडवे बसले आणि एका हाताने स्वतःच दोघांचा फोटो काढला. "बरं आहे ना आजी?" एवढं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता उठले. बावीस हंगाम ऊस तोडलेली बाई समोर बसलेली होती आणि उसावर कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला तिला विचारण्यासारखं एवढंच सुचलं.

ते गेल्यावर छबुबाई म्हणाली, "कोण हुता गं ह्यो? मतं मागाया आलता का?"

"जवळजवळ," दीपमाला म्हणाली.

कादंबरी तिने दोन दुपारींत संपवली. पहिल्या दुपारी ती हसत होती. पारू पहाटे उठून तुळशीला पाणी घालते, असं पान दहावर होतं. फडात राहायला उसाच्या पाचटाची, वाळल्या पाल्याची कोपी, आणि त्या खोपटापुढे तुळशीवृंदावन! पारू दुपारी 'उसाच्या गर्द सावलीत पदर पसरून विसावते'. उसाच्या पात्याने अंग चिरतं, म्हणून बाया साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट घालतात, डोकं-तोंड फडक्याने गुंडाळून घेतात, हे या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? त्याने विचारलंच नव्हतं. पारूच्या कपाळावर घामाचे मोती चमकतात. पारू गाते. दर दहा पानांनी गाते, आणि तिची गाणी सरांच्याच कवितासंग्रहातली.

दुसऱ्या दुपारी मात्र ती हसायची थांबली. सत्तेचाळिसाव्या पानावर पारू बाळंत होते. 'पारूने सुंभाने बांधलेली उसाची मोळी कमरेवर घेतली, आणि चांदण्यात न्हालेल्या त्या फडातच मातृत्वाची पहिली कळ तिच्या देहात झंकारली,' असं वाक्य होतं. कळ झंकारली. सतारीसारखी. आणि त्याच पानाच्या शेवटी, 'नवव्या दिवशी बाळाला उराशी बांधून ती हसत हसत फडात उतरली.'

दीपमालाला राग आला नाही. राग यायला समोरच्याला काही वजन असावं लागतं. तिला वाटली ती किळस, फ्रीजच्या तळाला विसरलेल्या नासक्या क्रीमचा डबा उघडल्यावर वाटते तशी.

तिने मुखपृष्ठाचा केक करायचा नाही, असं ठरवलं. बंद पुस्तकाऐवजी उघडं पुस्तक करायचं. सरांना फोन करून एवढंच सांगितलं, "मुखपृष्ठापेक्षा आतली पानं उघडी दाखवली तर शोभेल." सर खूश झाले. "जरूर! माझा मजकूर लोकांसमोर येऊ द्या."

शुक्रवारी ती बसने बीडला गेली. तिथे साखरेच्या पातळ कागदावर खायच्या शाईने फोटो छापून देणारं एक दुकान होतं. पोरांचे फोटो छापून छापून कंटाळलेल्या त्या दुकानदाराने तिच्या मोबाईलमधलं पुस्तकाचं पान पाहिलं आणि विचारलं, "हे कोण खाणार हाय?"

"ज्यांना वाचायचं नाही ते," ती म्हणाली.

शनिवारी तिने केक भाजले, दोन फूट लांबीचं उघडं पुस्तक कापून उभं केलं, पानांच्या कडांना सुरीच्या टोकाने बारीक बारीक रेघा मारल्या, पाठीवर चॉकलेटची बांधणी केली. काम असं झालं की लांबून पाहणाऱ्याने चष्मा काढावा. मग डाव्या बाजूला शेहेचाळिसावं पान अंथरलं, उजव्या बाजूला सत्तेचाळिसावं. आणि लाल साखरेचा बारीक कोन हातात घेऊन ती सत्तेचाळिसावर वाकली.

'सुंभाने' या शब्दावर काट मारून तिने समासात लिहिलं, 'मोळी वाढ्याने बांधतात. उसाच्याच हिरव्या शेंड्याने. सुंभ बाजेला असतो.' 'कमरेवर' खोडलं. 'मोळी डोक्यावर घेतात. कमरेवर घागर.' 'झंकारली' या शब्दाभोवती फक्त गोल केला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. शेवटच्या ओळीवर ती थांबली. मग ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'नवव्या नाही, तिसऱ्या दिवशी. आणि हसत नाही. मुकादम बसू देत नाही म्हणून.'

युवराज चहा प्यायला आत आला तो ते पाहून उभाच राहिला. "आगं, हे काय केलंस? गिऱ्हाईक हाय ते!"

"चुका तपासल्या."

"तुला कोणी सांगितलं तपासायला? त्यानं केक सांगितला हुता."

"वाघांच्या केकवर मी कधी काही बोलले का? तिथं वाघ म्हणलं तर वाघ लिहिते. पण हे पुस्तक आहे, अहो."

युवराजला ते कळलं नाही आणि कळलं नाही हे तिला दिसलं. तो चहा घेऊन दुकानात गेला.

रविवारी मंगल कार्यालयात दीडशे खुर्च्या होत्या आणि साठेक माणसं. त्यातली निम्मी सरांची नातेवाईक, उरलेली जेवणाची. मंचावर अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, स्वागताध्यक्ष आणि कडेच्या खुर्चीत नवं लुगडं नेसलेली छबुबाई, दोन्ही हात मांडीवर ठेवून, दवाखान्यात नंबरची वाट पाहत बसल्यासारखी. केकवर सरांच्या हुकमावरून जरीचा रुमाल झाकलेला होता.

भाषणं झाली. स्वागताध्यक्ष म्हणाले, ही कादंबरी म्हणजे मराठवाड्याच्या मातीचा हुंकार आहे. प्रमुख पाहुणे म्हणाले, मातीचा हुंकार आहेच, पण त्याहीपेक्षा हुंदका आहे. विशेष पाहुण्यांनी नायिकेचं नाव दोनदा चंद्रा असं घेतलं आणि तिसऱ्यांदा पुस्तकात डोकावून पारू केलं. मागच्या रांगेत बसलेली दीपमाला एकेकाला मोजत होती. वाचलेला एकही नाही. निदान वाचल्यासारखं खोटं बोलायलाही चार पानं वाचावी लागतात, तेवढेही कष्ट कुणी घेतले नव्हते. छबुबाईला शाल आणि नारळ देताना सर माईकवर म्हणाले, "हीच माझी पारू!" टाळ्या पडल्या. छबुबाईने नारळ कानाशी धरून हलवून पाहिला.

मग रुमाल निघाला आणि माणसं खरोखर उठून पुढे आली. "आरं, पुस्तकच हाय की!" "पान उलटतंय का बघ!" मोबाईल वर झाले. अध्यक्ष म्हणजे एका पतसंस्थेचे चेअरमन, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. सरांनी त्यांच्या हातात सुरी देत म्हटलं, "साहेब, कापण्याआधी दोन ओळी वाचा ना. लेखकाचे शब्द आहेत."

साहेबांनी चष्मा लावला, माईक तोंडाशी धरला आणि वाचायला लागले. "'पारूने सुंभाने बांधलेली उसाची मोळी...' हं, इथं लाल अक्षरात काय तरी हाय. 'मोळी वाढ्याने बांधतात. उसाच्याच हिरव्या शेंड्याने. सुंभ बाजेला असतो.'" ते थांबले. पुढे वाचलं. "'कमरेवर घेतली'... 'मोळी डोक्यावर घेतात. कमरेवर घागर.'"

कुणीतरी फस्सकन हसलं. छबुबाई खुर्चीतून पुढे वाकली आणि माईक जवळच असल्यामुळे तिचा आवाज साऱ्या सभागृहात गेला. "बराबर हाय ते!"

आता सगळेच हसले. दीपमालाला वाटलं, आजवर केलेल्या सगळ्या केकमध्ये हाच एक केक खरा झाला. साहेब रंगात आले होते. त्यांनी शेवटची ओळही वाचली, नवव्या दिवसाची, आणि तिच्यावरची लाल दुरुस्तीही. त्यावर हशा झाला नाही.   छबुबाई मागे टेकून बसली.

सरांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तांबडा. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि माईक ओढून घेतला. "मित्रहो, हा एक प्रयोग होता! लेखकाला वाचकाने दुरुस्त करावं, ही माझी कल्पना आपल्या दीपमालाताईंनी साखरेत उतरवली. टाळ्या झाल्या पाहिजेत!"

आणि टाळ्या झाल्या. आधी हसलेल्या माणसांनीच त्या वाजवल्या, तेवढ्याच मन लावून. साहेबांनी सुरी चालवली. दहा मिनिटांत सत्तेचाळिसावं पान लाल अक्षरांसकट साठ तोंडांत गेलं. एका पोरीच्या हनुवटीला 'मुकादम'मधला 'का' चिकटला होता. पुस्तकांचा गठ्ठा टेबलावर दोरीसकट तसाच होता.

जेवणं चालू असताना सर मागच्या बाजूला तिच्याकडे आले. इथे ऐकणारं कुणी नव्हतं, त्यामुळे त्यांचा आवाज निराळा होता.

"हा काय चावटपणा केलात तुम्ही?"

"चुका होत्या."

"चुका होत्या." सरांनी मान हलवली. "असतील. मी वातानुकूलित खोलीत बसून लिहिलं, कबूल. पण मला लिहावंसं तरी वाटलं. तुम्हाला सगळं बरोबर माहीत होतं. मोळी, वाढं, दिवस. तुम्ही काय लिहिलंत? दुसऱ्याच्या पानाच्या समासात चार ओळी, त्याही क्रीमनं. उद्या सकाळी त्या कुठं असतील, सांगू का?"

   सर उत्तराची वाट पाहत थांबले नाहीत. पंगतीत कुणीतरी त्यांना हाक मारली आणि ते हसत निघून गेले.

परतताना ॲपेरिक्षात मायलेकी दोघीच होत्या. छबुबाईच्या मांडीवर शाल, शालीवर नारळ.

"कसला नालायक माणूस," दीपमाला म्हणाली. "बघितलंस ना माय? माझी कल्पना म्हणे."

छबुबाई रस्त्याकडे बघत होती. तशीच बघत म्हणाली, "तू लिव्हलंस ते बी चूक हाय."

"काय?"

"त्या शेवटच्याचं. तिसऱ्या दिशी म्हणून लिव्हलंस. मी दुसऱ्या दिशी गेलते. आन मुकादम न्हाई म्हणलता. पाच दिस कोपीतच पड म्हणलता. त्याच्यासंगं भांडून गेलते मी."

"भांडून? कशाला पण?"

"कोपीत एकटं ठिवाया नगं म्हणून." छबुबाईने शालीची दशी बोटाभोवती गुंडाळली. "पयलं तसंच गेलतं की. तुझ्या आदीचं. वीस दिसांचं हुतं. त्येला कोपीत निजवून मी फडात गेले, दुपारी येऊन बघते तर गार. मग तू झालीस तवा मनलं, आता नजरंआड ठिवायचंच न्हाई. फडक्यात बांधून नेली तुला. बांधावर पाचटाची गादी केली, दर मोळीला येऊन बघून जायची."

रिक्षा बसस्टँडला वळली.  आपल्या आधी कुणी होतं, हे बत्तीस वर्षांत दीपमालाला ठाऊक नव्हतं.

"तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कवा इचारलंस?" छबुबाई रागाने बोलली नव्हती. कुठल्या दुकानात तेल स्वस्त मिळतं हे सांगावं तशी बोलली होती. मग म्हणाली, "आन हसत न्हाई म्हणून लिव्हलंस. हसले बी असंन की. लेकरू जितं हुतं."

त्या दिवसानंतर दीपमालाने महिनाभर एकही पुस्तक आणलं नाही. वाघ केले, बुलेट केल्या. एका माणसाने केकवर स्वतःच्या नावामागे 'ॲड.' लिहायला सांगितलं, तो वकील नव्हता हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तिने मुकाट्याने 'ॲड.' लिहिलं आणि सवयीने त्याला नापास करायला गेली, तर ते जमेना. तो आत्ता घरी जाऊन आपल्या आईला काय विचारत असेल, नसेल, कुणाला माहीत. आपण तरी काय विचारलं होतं? खव्याचं मशीन करताना त्या न पाहिलेल्या शिंप्याचा चष्मा कोणत्या काडीचा असेल यावर तिने एक अख्खी दुपार घालवली होती. आई त्या वेळी चार हातांवर बसून चिंचा फोडत होती.

दिवाळीच्या सुमाराला त्रिंबककाकांनी तिला वाचनालयात बोलावून घेतलं. सरांच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती आली होती. कुठल्याशा संस्थेचा पुरस्कार मिळाल्याची पट्टी मुखपृष्ठावर होती. दीपमालाने उभ्या उभ्या सत्तेचाळिसावं पान काढलं. मोळी वाढ्याने बांधलेली होती. डोक्यावर होती. कळ मात्र अजून झंकारतच होती. आणि शेवटी, 'तिसऱ्याच दिवशी, मुकादमाच्या धाकाने, डोळ्यांत आसवं घेऊन ती फडात उतरली.'

सुरुवातीच्या पानावर 'अनेक जाणकारांचे' आभार होते.

 या माणसाने तिचं उचललं याचं तिला नवल नव्हतं, तिची त्याच्याकडून तीच अपेक्षा होती. पण ती ओळ आता छापली गेली होती, तीनशे प्रतींत, पुरस्काराच्या पट्टीखाली, आणि तिच्यातली चूक सरांची नव्हती.

तिथूनच तिने फोन लावला.

"बोला ताई!" सरांना मागचं काही आठवत नव्हतं, किंवा आठवायची गरज उरली नव्हती. "बरं झालं फोन केलात. पुरस्काराच्या कार्यक्रमाला पुन्हा केक करायचाय आपल्याला."

"सर, सत्तेचाळिसाव्या पानावर चूक आहे. माझीच आहे. दुसऱ्या दिवशी गेली होती ती. मुकादम नको म्हणत होता, तरी गेली. लेकरू एकटं ठेवायचं नव्हतं म्हणून. आधीचं गेलं होतं."

फोनवर सरांनी 'अरेरे' म्हटलं. दीपमालाला वाटलं, माणूस हलला.

"ते खरं असेल हो," सर म्हणाले. "पण वाचकाला पटायचं नाही. मुकादम भला दाखवला की सगळा तोलच जातो. शिवाय परीक्षकांनी नेमकी तीच ओळ वाखाणलीय. राहू द्या. केकचं काय?"

"न्हाई करत," दीपमाला म्हणाली. एरवी ती गिऱ्हाइकाशी असं गावाकडच्या सुरात बोलत नसे.

"का बरं?"

"मी वाचूनच केक करते, सर. आणि तुमचं मी वाचलंय."

तिने फोन ठेवला. त्रिंबककाका रजिस्टरमध्ये तोंड घालून हसत होते. तिला हसू आलं नाही. ती घरी आली.

छबुबाई पडवीत ऊन खात बसली होती. दीपमालाने ओव्हन लावला नाही. परातीत गूळ किसायला घेतला, शेवयांची जुडी काढली, तीळ भाजले.

"माय, पहिल्याचं नाव काय ठेवलं होतं?"

छबुबाईने तिच्याकडे पाहिलं. "धर्मराज. तुझ्या आज्याचं."

"ती कोपी कशी होती? ज्यात तो होता."

"कशी म्हंजे? कोपीसारखी कोपी."

"नीट सांग."

छबुबाई आधी उडवाउडवीचं बोलली, मग हळूहळू सरकत परातीजवळ आली. दीपमालाने गुळाच्या पाकात शेवया घोळून त्यांचं पाचट केलं, तिळाच्या वड्यांच्या भिंती उभ्या केल्या आणि वर पाचटाचं छप्पर टेकवलं. छप्पर चांगलं बसलं होतं. काडी न् काडी वेगळी दिसत होती. युवराज दुकानातून डोकावला, "एक नंबर," म्हणायला तोंड उघडलं, आणि सासूचा चेहरा पाहून पायरीवर टेकला.

"ही कोणाची हाय?" त्याने हळूच विचारलं.

"सांगते," दीपमाला म्हणाली.

छबुबाईने मान वाकडी करून कोपीकडे पाहिलं. मग बोट पुढे करून तिळाच्या भिंतीला टेकवलं. "दार हिकडं न्हाई. दार बांधाच्या अंगाला हुतं. हिकडून वारं यायचं."

दीपमालाने सुरी घेतली, नुकतीच बसलेली भिंत अलगद सोडवली आणि पाक पुन्हा गरम करायला ठेवला.